‘बायोटेक’ : शब्द, अर्थ आणि व्यवहार

मराठी व्यवहारात गेल्या काही दशकांत जे परभाषिक शब्द रूढ झाले, त्यांत ‘बायोटेक’ या शब्दाचा उल्लेख करावा लागेल. कृषी सेवा केंद्राच्या फळीवरील बाटलीवर, रोपवाटिकेच्या फलकावर, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात आणि औषध कंपन्यांच्या नावांत हा शब्द सर्रास आढळतो. शेतकरी त्याचा अर्थ ‘सुधारित’ असा घेतो. विद्यार्थी त्याला एका अभ्यासक्रमाचे नाव समजतो. विक्रेत्याच्या दृष्टीने तो मालाचा भाव वाढविणारा शब्द आहे, तर काहींच्या मनात या शब्दाबरोबर निसर्गात होणाऱ्या ढवळाढवळीची भीती उभी राहते.

अर्थांची ही सरमिसळ केवळ भाषेपुरती राहिली असती, तर तिची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु बियाणे, रोपे, खते आणि औषधे यांवर होणारा खर्च पुष्कळदा या एका शब्दाच्या भरवशावर केला जातो. खर्च वाया गेला, म्हणजे त्याच शब्दामागील खऱ्या विज्ञानावरचाही विश्वास उडतो. म्हणून ‘बायोटेक’ म्हणजे नेमके काय आणि काय नव्हे, हे गावातील शिक्षक, कर्मचारी व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शब्दाची घडण

‘बायोटेक’ हे ‘बायोटेक्नॉलॉजी’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. ‘बायोस’ म्हणजे जीवन आणि ‘टेख्ने’ म्हणजे कला किंवा कौशल्य, या ग्रीक शब्दांपासून तो घडला आहे. मराठीत त्यासाठी ‘जैवतंत्रज्ञान’ हा पर्याय स्थिर झाला आहे.

हा शब्द रूढ करण्याचे श्रेय हंगेरीतील कृषी अभियंता कारोली एरेकी याला दिले जाते. मांस, चरबी आणि दूध यांच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासंबंधी त्याने लिहिलेले जर्मन भाषेतील पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या नावातच हा शब्द होता. कच्च्या मालापासून सजीवांच्या साह्याने उपयुक्त वस्तू तयार करण्याचे सर्व उद्योग त्याला या शब्दात अभिप्रेत होते. चारा खाऊन मांस देणारे जनावरसुद्धा त्याच्या दृष्टीने या तंत्रज्ञानाचे एक साधन होते. डीएनएच्या रेणूची रचना उलगडली ती १९५३ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३४ वर्षांनी. जनुकांतील फेरफार हा अर्थ या शब्दाला मुळात नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

१९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथील परिषदेत जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. भारतात २००२ साली झालेला जैवविविधता कायदा आणि त्याखाली स्थानिक संस्थांत स्थापन झालेल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या यांचे मूळ याच करारात आहे. या करारात जैवतंत्रज्ञानाची व्याख्या आहे. सजीव, जैविक प्रणाली किंवा सजीवांपासून मिळणारे घटक यांचा उपयोग करून विशिष्ट कामासाठी एखादे उत्पादन वा प्रक्रिया तयार करणे अथवा तिच्यात बदल करणे, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या इतकी व्यापक आहे, की घरातील विरजणापासून प्रयोगशाळेतील जनुकापर्यंत सर्व काही तिच्यात सामावते. ‘बायोटेक’ हा शब्द एका विशिष्ट वस्तूचे नाव नसून अनेक तंत्रांच्या मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे, असे म्हणता येईल. आडनावावरून घराणे कळते. माणसाची पारख मात्र वेगळी करावी लागते.

जुने जैवतंत्रज्ञान

कोमट दुधात चमचाभर विरजण घातले, म्हणजे त्यातील जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि त्या आम्लामुळे दुधातील प्रथिने साकळून दही लागते. थंडीच्या दिवसांत गृहिणी भांडे उबदार जागी ठेवते, कारण जिवाणूंची वाढ उबेवर अवलंबून असते. दूध फार गरम असताना विरजण घातले तर दही लागत नाही, कारण उष्णतेने जिवाणू मरतात. इडलीचे आणि आंबोळीचे पीठ फुगते, पाव हलका होतो, त्यामागेही सूक्ष्मजीवांचेच कार्य असते. साखर कारखान्यातील मळीपासून मद्यार्क तयार होतो तो किण्व, म्हणजे यीस्ट, या सूक्ष्म बुरशीमुळे. गोबर गॅस संयंत्रात हवेविना जगणारे जिवाणू शेणापासून मिथेन वायू तयार करतात.

या क्रिया हजारो वर्षे चालत आल्या. त्यांचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकात कळले. दूध आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर याने १८५७ मध्ये मांडले. कारण कळल्यावर क्रियेवर ताबा आला. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग याला पेनिसिलियम या बुरशीतील जिवाणुनाशक द्रव्याचा शोध लागला. पुढे ती बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. भारतात या कामासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. केवळ परदेशी तंत्र वापरण्यावर तेथील शास्त्रज्ञ थांबले नाहीत. बुरशीजन्य रोगांवरील ‘हमायसिन’ हे प्रतिजैविक याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधले गेले. त्या काळी या उद्योगाला कोणी ‘बायोटेक’ म्हणत नसे. व्याख्येने मात्र तो जैवतंत्रज्ञानाचाच उद्योग होता.

जनुकापर्यंत पोहोचलेले शास्त्र

सजीवाच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाच्या लांबलचक रेणूवर त्याच्या गुणधर्मांची सूची असते. या सूचीतील एकेका नोंदीला जनुक म्हणतात. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका सजीवाचा जनुक वेगळा करून जिवाणूत बसविण्याची आणि जिवाणूच्या वाढीबरोबर त्याच्या प्रती मिळविण्याची रीत सिद्ध केली. या रीतीला जनुक अभियांत्रिकी असे नाव मिळाले.

तिचा पहिला मोठा लाभ मधुमेहाच्या रुग्णांना झाला. पूर्वी इन्सुलिन हे गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढावे लागे. मानवी इन्सुलिनची माहिती असणारा जनुक जिवाणूत बसविल्यानंतर जिवाणूच ते तयार करू लागले. १९७८ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला आणि १९८२ मध्ये अमेरिकेत असे इन्सुलिन वापरण्यास मान्यता मिळाली. भारतात १९८६ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. हैदराबाद येथील एका भारतीय कंपनीने याच रीतीने बनविलेली कावीळ ब प्रकाराची लस १९९७ मध्ये बाजारात आणली. देशात ही लस त्यापूर्वी परदेशातून येत असे आणि तिची किंमत सामान्य कुटुंबाला न परवडणारी होती.

‘बीटी’ म्हणजे ‘बायोटेक’ नव्हे

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या विषयाचा सर्वाधिक परिचय झाला तो कापसामुळे. ‘बीटी’ ही दोन अक्षरे ‘बायोटेक’चीच आद्याक्षरे आहेत, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीत आढळणाऱ्या जिवाणूच्या नावाची ही आद्याक्षरे होत. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या रोगट किड्यांत हा जिवाणू सापडला. त्यानंतर जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात तो पिठातील पतंगाच्या अळ्यांत आढळला, आणि त्या प्रांतावरून त्याला नाव मिळाले. फ्रान्समध्ये १९३८ पासून या जिवाणूंची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जात होती.

हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो. विशिष्ट अळ्यांच्या पोटात गेल्यावर ते प्रथिन विषारी ठरते, त्यांच्या आतड्याला छिद्रे पडतात आणि त्या मरतात. या प्रथिनाचा जनुक कापसाच्या झाडात बसविल्याने झाड स्वतःच ते प्रथिन तयार करू लागले. जालना येथील महिको कंपनीच्या अशा तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने मान्यता दिली. जनुकीय बदल केलेले आणि व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेले हे देशातील पहिले पीक होय. २००६ मध्ये दोन जनुके असलेल्या पुढील पिढीच्या वाणांना मान्यता मिळाली.

अक्षरांचा अर्थ न कळल्यामुळे व्यवहारात दोन चुका झाल्या. ‘बीटी’ म्हणजे ‘सर्व गुणांनी सुधारित’ असे समजून काहींनी त्याच्याकडून सर्व किडींपासून संरक्षणाची अपेक्षा केली. वास्तविक हे प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. त्या किडींचा बंदोबस्त पूर्वीप्रमाणेच करावा लागतो.

दुसरी चूक अधिक महागात पडली. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे देण्यात येत असे. शेतकरी त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. ते शेताच्या कडेने लावावयाचे होते. बीटी झाडांवर ज्या थोड्या अळ्या जगतात, त्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या असतात. त्यांच्या पतंगांचा आपसांतच संकर झाला, तर पुढची सारी पिढी तशीच निपजते. कडेच्या बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या जगल्या, म्हणजे त्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्यास विलंब लागतो. हे कारण न समजल्याने अनेकांनी ते पाकीट निरुपयोगी म्हणून टाकून दिले. गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या वाणांना दाद देत नसल्याचे गुजरातमधील काही जिल्ह्यांत आढळून आल्याची माहिती २०१० मध्ये जाहीर झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात दोन जनुकांच्या वाणांवरही या अळीने मोठे नुकसान केले. कडेचे पीक न लावणे हे त्याचे एकमेव कारण नव्हते. हंगाम लांबवून फरदड घेणे आणि दीर्घ मुदतीच्या अनेक वाणांची सरमिसळ यांनीही अळीला सतत खाद्य मिळत राहिले. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली. तथापि वेळेवर पेरणी, कामगंध सापळे, वेळेत वेचणी संपवून पऱ्हाटीची विल्हेवाट लावणे आणि फरदड टाळणे, या गोष्टींना कोणताही जनुक पर्याय ठरू शकत नाही.

ऊती संवर्धन

केळीच्या बागायतदारांच्या तोंडी ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द रुळला आहे. या रोपांनाही ‘बायोटेक रोपे’ म्हणतात, आणि त्यामुळे त्यांत जनुकीय बदल केला असावा अशी शंका घेतली जाते. ही शंका निराधार आहे. निवडलेल्या मातृवृक्षाच्या कोंबाचा लहानसा भाग निर्जंतुक काचपात्रात पोषक द्रव्यावर वाढवितात आणि त्यापासून असंख्य रोपे तयार करतात. जनुके मातृवृक्षाचीच राहतात. मातृवृक्ष चांगला असेल तर रोपे चांगली, आणि त्यात विषाणू असेल तर तोच रोग हजारो रोपांत उतरतो. यासाठी केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊती संवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. रोपे घेताना प्रयोगशाळेला ही मान्यता आहे काय आणि रोपांची विषाणू तपासणी झाली आहे काय, हे विचारणे खरेदीदाराच्या हिताचे ठरते.

या शास्त्रात महाराष्ट्राचे कार्य लक्षणीय आहे. बांबूला फुलोरा येण्यास अनेक दशके लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ऊती संवर्धनाने काचपात्रातच बांबूला फुलोरा आणून दाखविला. त्यांचा निबंध १९९० मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रकाशित झाला.

जैव, जैविक आणि सेंद्रिय

बाजारात सर्वाधिक गोंधळ आहे तो ‘बायो’ या उपसर्गाचा. त्यासाठी मराठीतील तीन शब्दांचे अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. वनस्पती वा प्राणी यांच्या अवशेषांपासून झालेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत हे सेंद्रिय खत होय. ज्या पाकिटात जिवंत उपयुक्त जिवाणू असतात, ते जैविक किंवा जिवाणू खत. जैवतंत्रज्ञान हे तर तंत्राचे नाव आहे. ते पाकिटातील पदार्थाचे नाव होऊ शकत नाही.

कडधान्यांना लावावयाचे रायझोबियम हे जिवाणू खताचे परिचित उदाहरण आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण असते. हे जिवाणू मुळांवर गाठी तयार करून हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पाकिटात जिवंत सजीव असल्याने ते उन्हात ठेवले किंवा त्याची मुदत टळली, तर आत केवळ भुकटी उरते. खत नियंत्रण आदेशानुसार अशा भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असणे आवश्यक आहे. जिवाणू खते २००६ मध्ये या आदेशाच्या कक्षेत आली. जैविक कीटकनाशकांना १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली नोंदणी लागते. पिकाची वाढ सुधारणारी म्हणून विकली जाणारी जैव उत्तेजके मात्र दीर्घकाळ कोणत्याच आदेशात बसत नव्हती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झाली. या कोणत्याही आदेशात ‘बायोटेक’ नावाचा वर्ग नाही. बाटलीवर हा शब्द ठळक असून घटक व नोंदणी यांचा उल्लेख नसेल, तर तो शब्द निव्वळ जाहिरात समजावा.

लशीच्या निमित्ताने

२०२१ च्या आरंभी देशात कोविडची लसमोहीम सुरू झाली आणि एका कंपनीच्या नावातून ‘बायोटेक’ हा शब्द घरोघरी पोहोचला. हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीची ‘कोव्हॅक्सिन’ ही लस निष्क्रिय केलेल्या पूर्ण विषाणूपासून बनविली होती, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तो विषाणू वेगळा केला होता. रोगजंतू निष्क्रिय करून लस टोचण्याचे तत्त्व जुने आहे. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना वाल्देमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या जिवाणूंपासून लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांचेच नाव धारण करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या ‘कोव्हिशिल्ड’मध्ये मात्र जनुकीय बदल केलेला निरुपद्रवी विषाणू वाहक म्हणून वापरला होता. म्हणजे ज्या नावात ‘बायोटेक’ होते त्या लशीचे मूळ तत्त्व जुने, आणि ज्या नावात तो शब्द नव्हता तिचे नवीन! दोन्ही लशी शासनाच्या मान्यतेनेच वापरात आल्या. नावावरून तंत्र ओळखता येत नाही, आणि केवळ तंत्र जुने वा नवे म्हणून वस्तू सुरक्षित वा घातक ठरत नाही, हाच यातून घ्यावयाचा बोध आहे.

तीन प्रश्न

वरील विवेचनावरून व्यवहारासाठी तीन प्रश्न निश्चित करता येतात. या वस्तूत कोणता सजीव वा सजीवाचा कोणता घटक आहे, हा पहिला प्रश्न. त्याला वाढविले आहे, मारले आहे, की त्याच्या जनुकात बदल केला आहे, हा दुसरा. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या क्रमांकाने तिची नोंदणी वा मान्यता आहे, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांनी वस्तूचे काम आणि तिच्या मर्यादा कळतात. तिसऱ्याने तिची जबाबदारी कोणावर, हे ठरते. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे अनधिकृत बियाणे २०१९ मध्ये राज्यात उघडपणे पेरले गेले, तेव्हा त्याला मान्यता नव्हती. अशा बियाण्याचे तंत्र खरे असले, तरी ते उगवले नाही किंवा भेसळीचे निघाले, तर पक्क्या पावतीअभावी शेतकऱ्याला दाद मागणे दुरापास्त होते.

शाळांना हा विषय अल्प खर्चात शिकविता येईल. कोमट आणि कडक गरम अशा दोन वाट्या दुधाला विरजण लावून दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना दाखवावे. भुईमुगाचे झाड अलगद उपटून मुळावरील गाठ चिरावी. आतून गुलाबी असलेली गाठ नत्र मिळविण्याचे काम करीत असते, हे मुलांना प्रत्यक्ष पाहता येते. ग्रामपंचायतींनी खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून पाकिटावरील मजकूर कसा वाचावा, याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. खरेदीची पावती, रिकामे पाकीट आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवण्याची सवय गावात रुजली, तर तक्रारीच्या वेळी पुरावा हाताशी राहील.

जैवतंत्रज्ञानाने रुग्णांना औषधे दिली, बागायतदारांना रोपे दिली आणि कापूस उत्पादकांना काही काळ बोंडअळीपासून दिलासा दिला. त्याच्या मर्यादाही अनुभवास आल्या आहेत. जनुकाच्या आतच नेमका बदल करण्याचे तंत्र आता शेतीत येत असून, अशा रीतीने विकसित केलेले भाताचे दोन वाण मे २०२५ मध्ये देशात जाहीर झाले. यापुढे नवे शब्द आणि नवी पाकिटे गावापर्यंत येतच राहतील. त्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारणारा नागरिक गावोगाव तयार झाला, तर विज्ञानाचा लाभ घेणे आणि फसवणूक टाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधतील.